साखरफुलांना घाई चालत नाही

घरी केक करणे ही आता आपल्याकडे अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. सावद्यासारख्या गावातही ओव्हन नसला तरी कुकर आहे, कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर केकचे भांडे ठेवणाऱ्या हौशी गृहिणी आहेत, आणि "विकतचा नको, आईच्या हातचा हवा" म्हणून अडून बसणारी मुलेही आहेत. केक फुगतो, जाळी पडते, रंगही छान येतो. अडते ते वरच्या नक्षीपाशी. क्रीमची फुले आपल्या उन्हाळ्यात पाघळतात. म्हणून कोणी साखरेची कडक फुले, म्हणजे रॉयल आयसिंगची फुले करायला घेते. फुले होतातही सुरेख. पण ती वाळत नाहीत! संध्याकाळी पाहुणे यायचे असतात आणि दुपारी ताटातले गुलाब बोट लावले की दबतात. मग "काय व माय, हे फुलं कव्हा सुकतीन?" असे शेजारच्या आजीबाईंनी विचारले, की उत्तर काय द्यायचे?

मैत्रिणींनो, उत्तर सोपे आहे. फुलांची तारीख आणि केकची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत. केक आदल्या दिवशी करायचा असतो, फुले मात्र आठवडाभर आधी. आपल्याकडचे केळीवाले काय करतात? गाडी कधी लागणार, माल दिल्लीला कधी पोहोचणार, हे आधी पाहतात आणि त्यावरून मागे मोजत घड कधी कापायचा ते ठरवतात. साखरफुलांचेही असेच मागे मोजत यावे लागते. कसे, ते सविस्तर पाहू.

हे रॉयल आयसिंग आहे तरी काय?

अंड्याचे पांढरे आणि अगदी बारीक साखर एकत्र फेटून केलेला हा पांढराशुभ्र लेप. इंग्लंडात एलिझाबेथ रॅफल्ड नावाच्या बाईंनी १७६९ साली आपले पाकशास्त्राचे पुस्तक छापले. त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा पांढरा थर द्यायची कृती आहे. पुढे १८४० साली व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. तिच्या केकवरच्या शुभ्र साखरकामाचा इतका बोलबाला झाला की 'रॉयल' हे नाव लोक त्या लग्नाशीच जोडतात. ओले असताना हे आयसिंग मऊ लोण्यासारखे असते, म्हणून कोनातून हवा तो आकार काढता येतो. वाळले की खडीसाखरेसारखे कडक होते. जळगाव-भुसावळकडचा मे महिन्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला तरी वाळलेले फूल पाघळत नाही. आपल्या खान्देशासाठी याहून सोयीची सजावट नाही. फक्त त्याला वाळायला वेळ द्यायला हवा.

साखरेची कामे आपल्याला परकी नाहीत

खरे तर साखरेवर हात बसलेल्या बायका आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. संक्रांतीचा हलवा आठवा. परातीत तीळ नाही तर खसखस घेऊन, मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडत, दिवसच्या दिवस हात फिरवायचा तेव्हा कुठे काटा येतो. तोही पौषाच्या कोरड्या थंडीत. त्याच हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर चढतात. होळी-पाडव्याला आपल्याकडे साखरेचे हार-कंगण येतात, ते लाकडी साच्यात उकळता पाक ओतून करतात.

या दोन कामांतला फरक नीट ध्यानात घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. हार-कंगण वाळत नाहीत, ते *थिजतात*. पाक आधीच आटवून घट्ट केलेला असतो. तो गार झाला की गाठी तयार, म्हणून तासाभरात साचा मोकळा होतो. रॉयल आयसिंगमध्ये पाक नसतो. त्यात अंड्याच्या पांढऱ्यातले पाणी तसेच असते, आणि ते हवेत उडून गेल्याशिवाय फूल कडक होत नाही. म्हणजे आयसिंगचे नाते गाठींशी कमी आणि आपल्या कुरडयांशी जास्त! कुरडई वरून वाळलेली दिसते, आत ओल राहते, आणि तशीच डब्यात भरली तर महिन्याभरात वास येतो. साखरफुलाचेही तंतोतंत तसेच. वरची साय लवकर धरते, आतला गाभा उशिरा वाळतो.

म्हणून पहिला नियम असा, की फूल वाळवते ती कोरडी हवा, नुसती उष्णता नव्हे.

आपल्या गावची हवा

साखर स्वतःच हवेतले पाणी ओढणारी. हवेतला दमटपणा शेकडा ८५ च्या आसपास गेला की कोरडी साखरसुद्धा ओलसर व्हायला लागते. पावसाळ्यात साखरेच्या डब्यात खडे होतात ते याचमुळे. अशा दिवशी फूल उघड्यावर ठेवून "वाळ बाई, वाळ" म्हणण्यात अर्थ नाही.

सावद्याचे वर्ष मोटामोटी तीन भागांत पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड आणि बहुधा कोरडी, फुलांना उत्तम. मार्च ते मे हवा अगदी रखरखीत. कुरडया, पापड, बिबडे याच दिवसांत घालतो, मग साखरफुलेही याच दिवसांत का करू नयेत? लहान पाच पाकळ्यांचे फूल या दिवसांत एका रात्रीत वाळते, जाड गुलाबाला एक-दोन दिवस लागतात, आणि पातळ आयसिंग पसरून केलेली नावाची पाटी पुरती वाळायला दोन दिवस धरावेत. जून ते सप्टेंबर मात्र याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा. केळीच्या बागेत घर असेल तर आणखी थोडा, कारण पाणी दिलेल्या बागेतली हवा गावातल्या हवेपेक्षा ओलीच असते.

उन्हाळ्यात एक शत्रू मात्र घरातच असतो. तो म्हणजे कुलर! बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि आत कुलर वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडवत बसलेला. कुलरची हवा थंड लागते ती पाणी उडाल्यामुळेच. ते सगळे पाणी खोलीतल्या हवेत उतरते. "पंख्याहून कुलरचा झोत मोठा, लवकर वाळतील" म्हणून फुलांचे ताट त्याच्यापुढे ठेवले तर दोन दिवसांनीही ती चिकटच राहतील. ताट कुलर नसलेल्या खोलीत, साध्या पंख्याखाली ठेवा. वातानुकूलित यंत्र असेल तर गोष्ट उलटी. ते हवेतले पाणी काढून घेते, म्हणून ती खोली फुलांना मानवते.

स्वयंपाकघरही टाळा. भाताची वाफ, चहाचे आधण हे तर आहेच, पण गॅस जळताना ज्योतीतूनही पाण्याची वाफ तयार होते. शेगडीजवळच्या फळीवर ठेवलेले ताट गरम लागते, पण फुले सुकत नाहीत, ती यामुळेच.

साहित्य आणि कृती

एका अंड्याचे पांढरे (सुमारे ३० ग्रॅम), आयसिंग शुगर २०० ते २२५ ग्रॅम, लिंबाचा रस पाच-सहा थेंब. तयार आयसिंग शुगर मिळाली नाही तर साखर मिक्सरमध्ये दळून, दर वाटीला एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा दळा आणि वस्त्रगाळ करा. एक कण जरी जाड राहिला तरी कोनाचे तोंड बुजते.

भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्या. प्लॅस्टिकला तेलाचा अंश धरलेला असतो, आणि तेलाचा किंवा पिवळ्या बलकाचा एक थेंबही पांढऱ्याला फुगू देत नाही. पांढरे हलके फेसाळले की साखर चमचा चमचा घालत, सावकाश फेटत जा. चमचा उचलल्यावर टोक सुईसारखे ताठ उभे राहिले की गुलाबासाठी मिश्रण तयार. टोक किंचित वाकले तर वेलबुट्टीसाठी, आणि नावाची पाटी भरायची असेल तर थेंब थेंब पाणी घालून मिश्रण इतके सैल करा की वर ओढलेली रेघ दहा-पंधरा सेकंदांत मिटून जाईल. लक्षात ठेवा, जितके पाणी घालाल तितके ते पुढे वाळवावे लागणार. म्हणून पावसाळ्यात घट्ट मिश्रणाचीच नक्षी निवडावी हे बरे.

रंग पाण्याचे नकोत; पावडरचे किंवा जेलचे, तेही टाचणीच्या टोकावर मावतील एवढेच. गडद लाल-जांभळा रंग ओल असेपर्यंत शेजारच्या पांढऱ्यात पसरतो. ग्लिसरीन किंवा ग्लुकोजही फुलांत घालू नये. केकवर पसरायच्या थरात ते मऊपणासाठी घालतात. फुलाला मात्र मऊपणा नको, कडकपणा हवा. आणि काम चालू असेपर्यंत भांड्यावर ओला पिळलेला पंचा झाकून ठेवा, नाहीतर भांड्यातच पापुद्रा धरतो.

कच्च्या अंड्याविषयी

ही गोष्ट नीट वाचा. रॉयल आयसिंग शिजत नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि ते नुसत्या वाळण्याने मरत नाहीत. लहान मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे, आजारातून उठलेली माणसे यांना त्याचा त्रास फार होतो. आणि वाढदिवसाच्या केकवरचे फूल आधी कोणाच्या तोंडात जाते? सगळ्यांत लहान पोराच्याच. म्हणून कच्चे अंडे न वापरता, निर्जंतुक केलेल्या पांढऱ्याची पावडर पाकिटात मिळते, ती वापरावी. पाणी किती घालायचे ते पाकिटावर असते. थोडी महाग पडते खरी, पण चार-सहा फुलांना चमचाभरच लागते.

शिवाय आपल्याकडे कितीतरी घरांत माळकरी मंडळी आहेत. अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यांनी हौस करू नये की काय? अवश्य करावी. काबुली चणे रात्रभर भिजवून, मीठ न घालता मऊ शिजवा. ते पाणी गाळून मंद आचेवर आटवा, अंड्याच्या पांढऱ्याइतके बुळबुळीत दाट झाले की उतरवा आणि पूर्ण गार करा. तीन मोठे चमचे पाण्याला २५० ग्रॅमपर्यंत साखर बसते. २०१४ च्या सुमारास फ्रान्समधल्या एका हौशी माणसाच्या ध्यानात आले की हे चण्याचे पाणी अंड्यासारखे फेसाळते, आणि वर्षभरात ही युक्ती जगभर पसरली. आपण ते पाणी आमटीत घालत होतो एवढेच! ही फुले जरा ठिसूळ होतात आणि वाळायला थोडा अधिक वेळ घेतात, म्हणून एक दिवस जास्त धरा.

अंड्याविना केलेले काम कच्चे असते असेही समजू नका. पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांनी इंग्लंडात एडी स्पेन्स या नामवंत गुरूंकडे रॉयल आयसिंगचे शिक्षण घेतले आणि अंडे न घालता होणारे आयसिंग वापरून इटलीतल्या मिलानच्या कॅथेड्रलच्या धर्तीवर सुमारे १०० किलोची वास्तू उभी केली. २०२२ साली लंडनच्या 'वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्स'ने तिची नोंद घेतली. असली इमारत एका दमात होत नाही. शेकडो सुटे तुकडे आधी करून, वाळवून, मग जोडत जावे लागतात. आपल्या सहा गुलाबांना नियम तोच.

दिवस कसे मोजावेत

वाढदिवस शनिवारी आहे असे धरू. कोरड्या हवेच्या दिवसांतला आराखडा असा :

रविवार – सगळी फुले, पाने, नावाची अक्षरे काढून घ्यावीत. लागतील त्यापेक्षा पाव हिस्सा जास्त करावीत, कारण सोडवताना दोन-चार तुटतातच. बटर पेपरचे लहान चौकोन कापून, बाटलीच्या बुचावर आयसिंगच्या ठिपक्याने चिकटवा. बूच फिरवत पाकळी पाकळी काढली की गुलाब सहज जमतो. कागदासकट फूल उचलून ताटात ठेवावे.

सोमवार – ताटाला हात लावू नये. पंखा मंद, वरून विरळ मलमल. अगदी घट्ट झाकण घालू नका, ओल बाहेर जायला वाट हवी.

मंगळवार – कागद खालून ओढून पाहा. फूल आपोआप सुटले तर ठीक. सुटले की ते *उलटे* ठेवा. बुडाशी ओल सर्वांत शेवटी राहते आणि बऱ्याच जणी नेमके हेच विसरतात.

बुधवार – परीक्षा. एक जादा फूल घ्या आणि मोडा. कुरडईसारखे कट्कन मोडले आणि आत सगळीकडे सारखा कोरडा पांढरा रंग दिसला तर वाळले. आत ओलसर, गडद ठिपका दिसला तर आणखी एक दिवस.

गुरुवार – फुले डब्यात. शुक्रवार – केक आणि त्यावरचा थर. शनिवार – फुले जागेवर.

पावसाळ्यात हाच आराखडा एका रविवारऐवजी दोन रविवार आधी सुरू करावा. आणि मुलाचा वाढदिवस आषाढ-श्रावणात येतो हे तर आपल्याला वर्षभर आधी माहीत असते! मग मे महिन्यात कुरडयांच्या जोडीने फुलेही करून का ठेवू नयेत? पूर्ण वाळलेली फुले घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, महिनोन्महिने राहतात. डब्यात कागदाचा थर, फुलांचा थर, पुन्हा कागद असे रचावे आणि एका कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. पुडी फुटकी नको आणि फुलांना चिकटून नको. मुलांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नये. फुले मात्र पुरती वाळल्यावरच डब्यात जावीत. ओली फुले बंद केली तर त्यांचीच ओल डब्यात कोंडते आणि सगळी मऊ पडतात.

झड लागली असेल तर

तरीही वेळ गाठायची आहे आणि बाहेर पावसाची झड आहे, अशी पाळी येतेच. अशा वेळी हवा किंचित गरम करावी. गरम झालेल्या हवेत जास्त पाणी मावते, म्हणून ती फुलातली ओल घेऊ शकते. जुना तारेचा पिवळा ६० वॅटचा बल्ब घरात असेल तर टेबलावरच्या दिव्यात लावून, फुलांपासून दीड-दोन फुटांवर ठेवा आणि शेजारी पंखा मंद सोडा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, पण एवढी ऊब देत नाहीत. ओव्हन असेल तर सर्वांत कमी आचेवर पाच मिनिटे तापवून *बंद* करा, हात आत सहज ठेवता येईल इतका निवू द्या, मग ताट आत ठेवून दार किंचित उघडे ठेवा. घाईने आच वाढवली तर वरची साय ताठ होऊन तडकते, शुभ्र रंग पिवळट होतो आणि आत मात्र ओल तशीच. दिवसाची वेळही निवडा. पहाटे हवा सर्वांत दमट, दुपारी त्या मानाने कोरडी. खिडकी उघडायची ती दुपारी, रात्री नाही.

तीन गोष्टी मात्र करू नयेत. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच फुलांना घाम सुटतो आणि रंग ओघळतो. गच्चीवर कडक उन्हात ठेवू नये. गुलाबी-जांभळे रंग उन्हाने उडतात, धूळ बसते, आणि साखर म्हटली की मुंग्या तुमच्या आधी हजर. मुंग्यांसाठी ताट पाण्यात ठेवायची आपली जुनी सवय, तीही इथे नको. मलमलीखाली पाणी ठेवले तर ओल फुलांनाच लागेल. त्याऐवजी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

केकवर कधी ठेवावीत?

इतके करून फुले वाळली, आणि सकाळीच ताज्या फेटलेल्या क्रीमवर ठेवली, तर संध्याकाळपर्यंत ती विरघळून रंगाचे ओघळ येणारच. क्रीममध्ये पाणी असते आणि साखर ते ओढते. क्रीमवर फुले अगदी शेवटी, पाहुणे जमल्यावर ठेवावीत. लोण्याच्या आयसिंगवर ती तासन् तास टिकतात, पण आपल्या उन्हाळ्यात लोणीच टिकत नाही. फुलाच्या बुडाला वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात देऊन वाळवून ठेवले तर खालची ओल वर चढत नाही. ही युक्ती फार उपयोगी पडते. फुलांसकट केक पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि समजा, सगळे करूनही शनिवारी दुपारी फुले मऊच राहिली, तर ती केकवर चढवू नका. रंग ओघळलेल्या केकपेक्षा साधा केक शोभतो. वर पिठीसाखर भुरभुरा, काजू-बदामाचे काप लावा, डाळिंबाचे दाणे पेरा. मूल टाळ्याच वाजवणार आहे. राहिलेली फुले उलटी करून तशीच वाळू द्यावीत, पुढच्या महिन्यात कोणाचा तरी वाढदिवस असतोच.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी चार वाजता आई ओट्याशी वाकून फुलांवर वहीने वारा घालत बसलेली नसावी, यासाठी हा सगळा आठवड्याचा हिशेब. तिने नवे पातळ नेसून मुलाच्या कपाळी कुंकू लावायला, ओवाळायला मोकळे असावे. फुले डब्यात तयार असली की ते सहज साधते.